बाटलीआधी मातीची साक्ष

सोयाबीन पेरून चाळीसेक दिवस झाले आहेत, जमिनीत वाफसा आहे, अशा वेळी एक झाड अलगद मुळासकट उपटावे. मुळांची माती झटकली की बारीक गाठी दिसतात. त्यातली एक नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरट किंवा हिरवट दिसली तर तिचे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. त्याच्या आधाराने गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि झाडाला देतात. त्यासाठी गोणी लागत नाही, अनुदान लागत नाही, रांगेत उभे राहावे लागत नाही. शेतकरी पेरणीआधी गुळाच्या पाण्यात हे जिवाणू कालवून बियाण्याला चोळतो आणि बी सावलीत सुकवतो, ते याच गाठीसाठी.

हा लेख त्या गाठीच्या बाजूने लिहिला आहे. कारण मातीत, पाण्यात आणि पिकावर आता जे अतिसूक्ष्म कण जाऊ लागले आहेत, त्यांच्याविषयीच्या वादात सगळ्यांची बाजू मांडली जाते, या गाठीची मांडली जात नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरचे. वास येऊ नये म्हणून मोज्यांत चांदीचे कण घालतात, उन्हापासून बचावाच्या क्रीममध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड असते, काही देशांत डिझेलमध्ये सेरियम ऑक्साइड मिसळतात आणि आता खतेही नॅनो झाली आहेत. वापर झाला की यातले बरेचसे मोरीतून, नाल्यातून, फवारणीच्या नोझलमधून शेवटी मातीतच येते.

या कणांची बाजू घेणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला: असे कण निसर्गात पूर्वीपासून आहेत, त्यात घाबरण्यासारखे काय? दुसरा: मातीत जाणारी मात्रा इतकी कमी आहे की तिने काही बिघडत नाही. तिसरा: नॅनो खतांमुळे रासायनिक खतांचा वापर घटेल, म्हणजे हे तंत्र प्रदूषणावरचा उताराच आहे. हे मुद्दे जाणती माणसे मांडतात. त्यांना उत्तरही मुद्द्यानेच द्यायला हवे.

पहिला मुद्दा. निसर्गात नॅनोकण आहेत हे खरे. ज्वालामुखीच्या राखेत आहेत, धुरात आहेत, चिकणमातीत आणि लोहाच्या ऑक्साइडमध्ये आहेत. पण मातीतले जीव त्यांच्या सोबतीने लाखो पिढ्या घडत आले आहेत. कारखान्यात बनवलेल्या कणाचे तसे नाही. निसर्गातले मोकळे कण बहुधा एकमेकांना चिकटतात आणि मोठे होऊन बसतात. कारखान्यातल्या कित्येक कणांवर मात्र ते चिकटू नयेत म्हणून मुद्दाम लेप चढवतात. चांदीच्या कणाचे तर कामच जिवाणू मारणे आहे. त्याच्यातून सुटणारे चांदीचे आयन जिवाणूच्या पेशीचे आवरण आणि आतली विकरे निकामी करतात. मोज्यात तो गुण आहे. शेतात गेल्यावर या चांदीला मित्र जिवाणू कोणता आणि शत्रू कोणता हे कळत नाही. साप निसर्गातच असतो, म्हणून कोणी तो पाळण्यात ठेवत नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. इथे वजनाचा हिशेब फसवतो, कारण रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. चिमूटभर पदार्थ सहा गुंठ्यांएवढ्या अंगाने मातीला भिडत असेल तर ‘मात्रा कमी आहे’ एवढ्या उत्तराने भागत नाही.

आणि हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उघड्यावर ठेवलेल्या, माती आणि झाडे असलेल्या मोठ्या पेट्यांमध्ये त्यांनी सांडपाण्याच्या गाळासोबत चांदीचे नॅनोकण घातले. प्रमाण होते किलोभर मातीला ०.१४ मिलिग्रॅम. तेवढ्यानेही एका वनस्पतीची वाढ ३२ टक्क्यांनी घटली, मातीतल्या सूक्ष्मजीवांचे वस्तुमान ३५ टक्क्यांनी घटले आणि आठव्या दिवशी नायट्रस ऑक्साइड वायूचे उत्सर्जन साडेचार पटीने वाढलेले आढळले. हा वायू तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक हातभार लावतो. सूक्ष्मजीवांची घडी विस्कटली की नत्र झाडाला मिळण्याऐवजी हवेत निघून जातो, असा याचा अर्थ.

आता पुन्हा त्या गाठीकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०१२ मध्ये सोयाबीनच वाढवून पाहिले. शेतातली माती घेतली आणि हरितगृहात शेंगा भरेपर्यंत पीक नेले. झिंक ऑक्साइडच्या कणांतले जस्त पानांत आणि दाण्यांतही पोचले. सेरियम ऑक्साइडचे कण मुळांशी आणि गाठींपाशी साठले, उत्पादन घटले आणि अधिक मात्रेत गाठींमधले नत्र धरण्याचे काम जवळपास थांबले. गाठी होत्या, पण त्या कामाच्या उरल्या नव्हत्या. वरून हिरव्या दिसणाऱ्या शेतात ही गोष्ट बांधावरून कोणाला दिसणार नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. युरियाचा मोठा भाग पिकाला मिळत नाही; तो हवेत उडतो, नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो. त्यावर उपाय हवाच. भारतात २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आला. ५०० मिलिची एक बाटली ४५ किलोच्या एका गोणीची जागा घेईल, असा दावा होता. उत्पादक संस्थेने ९४ पिकांवर, सुमारे ११,००० शेतांत चाचण्या घेतल्याचे आणि सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ झाल्याचे सांगितले.

पण हिशेब साधा आहे. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोहून अधिक. त्या बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. एक किलो गव्हाच्या दाण्यातच साधारण २० ग्रॅम नत्र असते. कण कितीही बारीक केला तरी नसलेला नत्र पिकाला कुठून मिळणार? पानावाटे नत्र जास्त कामी येतो, असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे आणि आपल्या शेतकऱ्याला ते आधीपासून ठाऊक आहे. हरभरा फुलोऱ्यात आला की दोन टक्के साध्या युरियाची फवारणी करायला कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. पंधरा लिटरच्या पंपात ३०० ग्रॅम युरिया टाकला की १३८ ग्रॅम नत्र जातो. त्याच पंपात लिटरला ४ मिलि या प्रमाणात त्या बाटलीतले ६० मिलि द्रावण टाकले की जातो २.४ ग्रॅम. साधा युरियाही पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पानातून आत जातोच.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने शेतात दोन वर्षे प्रयोग केले. युरिया कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा शिफारशीप्रमाणे पूर्ण नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचे १३ टक्क्यांनी घटले. डेन्मार्कमधल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनीही एका शास्त्रीय नियतकालिकात या दाव्यांना आधार नसल्याचे सविस्तर मांडले. पुढे नत्राचे प्रमाण वाढवलेला नॅनो युरिया आला. सगळी करामत आकाराची असती तर नत्र वाढवण्याची गरज पडली नसती. आणि गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत युरियाच्या गोणीबरोबर बाटली गळ्यात मारली जाते, ज्याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतो, त्याची तर वेगळी तक्रार आहे. ज्या मालात गुण असतो, तो शेतकरी स्वतः मागून घेतो.

इथवर खंडन झाले. पण दुसऱ्या टोकालाही उत्तर द्यायला हवे. ‘नॅनो म्हणजे विष, सरसकट बंदी घाला’ असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचेही म्हणणे टिकत नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रायोगिक सांडपाणी संयंत्रात दाखवले की चांदीच्या कणांचा बहुतेक भाग गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड होतो आणि त्याचा जहालपणा बराच ओसरतो. क्षार जास्त असलेल्या पाण्यात अनेक कण एकत्र येऊन तळाच्या गाळात बसतात. महाराष्ट्राच्या कितीतरी जमिनींत जस्ताची कमतरता आहे. तिथे थोडे जस्त अन्न ठरते आणि अधिक झाले की तेच मारक ठरते. मद्रास आयआयटीत टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनो पदार्थांच्याच साहाय्याने पाण्यातली कीटकनाशके आणि आर्सेनिक काढणारी गाळणी तयार केली. ज्या गावच्या पाण्यात आर्सेनिक आहे, तिथे नॅनोला विष म्हणणे हा अन्याय आहे.

मग रेघ कुठे ओढायची? माझे म्हणणे असे की ती बांधलेला कण आणि मोकळा सोडलेला कण यांच्यामध्ये ओढावी. गाळणीतला कण एका चौकटीत बांधलेला असतो. काम संपले की ती गाळणी काढून वेगळी ठेवता येते. फवाऱ्यातून, खतातून, मोरीतून सुटलेला कण परत बोलावता येत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने २००४ मध्येच हा भेद मांडला होता आणि परिणाम नीट कळेपर्यंत मोकळे कण पर्यावरणात सोडणे शक्य तितके टाळावे, असे सुचवले होते.

हे शहाणपण द्राक्षबागायतदाराला निराळे शिकवायला नको. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून जगभर वापरात आहे. त्याने केवडा रोगापासून बागा वाचवल्या. पण युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत मोरचुदातले तांबे आजही साठून आहे. पालापाचोळा कुजतो, शेण कुजते, धातू कुजत नाही. आजच्या फवारणीचा धातू नातवाच्या मातीतही असणार आहे.

म्हणून चार गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, बाटलीवर छापा: आत कोणता धातू, किती, कणाचा आकार काय, लेप कशाचा. शेतकऱ्याने पैसे मोजले आहेत. आपल्या रानात काय जाते हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

दुसरी, आपल्या मातीत तपासा. विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन चुनखडीची आणि अल्कधर्मी. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी. आम्ल मातीत झिंक ऑक्साइड लवकर विरघळते, चुनखडीत ते अडकते. तेव्हा लुधियानाचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू नाही, अमेरिकेचाही नाही आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकातलाही नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्याकडे आहेत. त्यांनी अनेक हंगाम नुसते क्विंटल न मोजता गाठी, गांडुळे आणि मातीचे श्वसनही मोजावे, आणि निकाल मराठीत जाहीर करावेत. केंद्राने जुलै २०२० मध्ये नॅनो शेती-निविष्ठांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सूचनांवर थांबू नये. मातीतल्या जीवांची चाचणी विक्रीची अट व्हावी.

तिसरी, सांडपाण्याकडे पाहा. पुण्याचे पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडकडच्या शेतीला जाते. अमेरिकेत २००८ मध्ये झालेल्या एका तपासणीत काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांतच पाण्यात उतरली होती. शहर जे धुते, ते कुणाचे तरी शेत पिते. त्या पाण्यातले आणि त्याखालच्या जमिनीतले धातू नियमित मोजले गेले पाहिजेत.

चौथी गोष्ट शेतकऱ्याच्या हातातली आहे. नवी बाटली घेतलीच, तर पूर्ण रानावर फवारू नका. चार ओळी तशाच राखा. चाळिसाव्या दिवशी फवारलेल्या भागातली दहा झाडे आणि राखलेल्या ओळींतली दहा झाडे उपटा, गाठी मोजा, नखाने फोडा आणि रंग पाहा. जो फरक दिसेल तो तारखेसह वहीत लिहा, दुकानदाराला दाखवा, कृषी सहायकाला दाखवा. येत्या खरिपात एवढे नक्की करा.