पिवळे कार्ड आणि न लिहिलेली गोळी

पीथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रजोडणीचे काम करणारा तिशीचा तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. चार महिन्यांसाठी पश्चिम आफ्रिकेत जायचे होते. पिवळ्या तापाची लस घेऊन झाली होती आणि ते पिवळे कार्ड त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणले होते. मी कार्डावरची तारीख पाहिली, प्रवासाआधी दहा दिवस पुरे होतात का ते मोजले, रक्तदाब घेतला, जुलाबाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. मलेरियाच्या गोळीचा शब्द मी काढला नाही, त्यानेही विचारले नाही. परतल्यावर बाराव्या दिवशी त्याला ताप भरला. दोन दिवस ‘व्हायरल’ म्हणून गेले, तिसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागला. इंदूरच्या अतिदक्षता विभागात रक्तलेपात मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी दिसला तेव्हा लघवीचा रंग चहासारखा झाला होता. आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांनी तो वाचला.

ही चूक माझी होती. ती इथे लिहितो आहे, कारण धार-देवास-इंदूर पट्ट्यातल्या किती तरी दवाखान्यांत ती रोज होत असणार असे मला वाटते.

पिवळ्या तापाच्या लशीकडे आपण डॉक्टर काटेकोरपणे पाहतो, कारण तिथे कायदा उभा आहे. कार्ड नसेल तर विमानतळावर अडवतात. परतताना सहा दिवस विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आपल्या देशात आहे. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. मलेरियाच्या गोळीला मात्र शिक्का नाही, कार्ड नाही, विचारणारा अधिकारी नाही. विचारणारा फक्त डॉक्टर, आणि तोच गप्प बसला तर रुग्ण उघडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यांतले दर शंभरी नव्वदहून अधिक आफ्रिकेतले. आपल्या भागातून जो माणूस ट्रक, पंप किंवा औषधांच्या कामाने लागोस, आक्रा, किन्शासा, दार-ए-सलाम या बाजूला जातो, त्याच्या दृष्टीने पिवळ्या तापापेक्षा मलेरियाचा धोका कितीतरी जवळचा आहे.

आपण गप्प का बसतो, याचे एक कारण माळव्यातच आहे. मलेरिया आपल्याला परका नाही. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात कोयनेल होते, थंडीताप होता. कुक्षी, मनावर, गंधवानीकडे किंवा देवास जिल्ह्यात बागली, खातेगावाकडे पावसाळ्यात ज्यांनी ओपीडी केली आहे त्यांनी हजारो रक्तलेप पाहिले आहेत. त्यामुळे ‘मलेरिया म्हणजे क्लोरोक्वीन, वर चौदा दिवस प्रायमाक्वीन’ हे हाताला बसलेले आहे. हा हात मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीवर, व्हायवॅक्सवर, तयार झाला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी प्रतिजन नसते, म्हणून तिथे व्हायवॅक्स विरळा; तिथला मलेरिया म्हणजे मुख्यतः फाल्सिपेरम. रुग्णही छातीठोकपणे सांगतो, ‘साहेब, मला लहानपणी तीनदा मलेरिया झालाय, मला काही होत नाही.’ लहानपणीचा तो व्हायवॅक्स त्याला घानातल्या फाल्सिपेरमपासून वाचवत नाही, आणि जी काही अर्धवट प्रतिकारशक्ती असते ती शहरात राहून विरून जाते. हे त्याला समजावण्याआधी आपल्याला स्वतःला पटले पाहिजे.

दुसरी सवय याहून घातक. कोणी मागितलीच तर आपण आठवड्याला दोन गोळ्या क्लोरोक्वीन लिहून देतो. आसामात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम १९७३ साली नोंदला गेला, पूर्व आफ्रिकेत त्याच दशकाच्या अखेरीस. आज क्लोरोक्वीन प्रतिबंधासाठी भरवशाची राहिली आहे ती पनामाच्या वरचा मध्य अमेरिकेचा भाग, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक अशा मोजक्या ठिकाणी. आफ्रिकेला जाणाऱ्याला क्लोरोक्वीन देणे म्हणजे त्याला खोटा धीर देणे. हीच गोष्ट होमिओपॅथीच्या ‘प्रतिबंधक’ साखरगोळ्यांची. तिथे तडजोड नको.

२०२० च्या मार्चमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने करोनासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुचवले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी पहिल्या दिवशी दोन वेळा चारशे आणि मग आठवड्याला चारशे मिलिग्रॅम घेतली, घरच्यांना दिली, तारखा लिहून ठेवल्या. पुरावा तेव्हा तुटपुंजा होता, पुढे तो टिकलाही नाही. मलेरियाच्या औषधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या इप्का कंपनीचा कारखाना आपल्याच धार जिल्ह्यात पीथमपूरला आहे, तिचे नाव त्या दिवसांत रोज वर्तमानपत्रांत होते. आठवड्याची गोळी विसरू नये म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करायला आपल्याला जमले होते. ज्या गोळ्यांमागे अनेक दशकांचा पुरावा आहे, त्यांच्यासाठी तेवढीच शिस्त आपण रुग्णाला का देऊ नये?

आता गोळी कोणती. मलेरियासाठीच्या आपल्या २०१३ च्या राष्ट्रीय औषधधोरणात ही बाब सरळ सांगितली आहे. मुक्काम सहा आठवड्यांपर्यंत असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, निघण्याआधी दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे. मुक्काम त्याहून लांब असेल तर मेफ्लोक्वीन २५० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, दोन आठवडे आधीपासून, परतल्यावर चार आठवडे. तिसरा पर्याय म्हणजे अटोवाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडी, रोज एक गोळी जेवणाबरोबर. ती परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. ती महाग पडते आणि प्रत्येक दुकानात असेलच असे नाही, तेव्हा आधी चौकशी करावी.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे आणि खेड्यातल्या दुकानातही मिळते, पण लिहिताना दोन वाक्ये जास्त बोलावी लागतात. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. लोहाच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतली तर ती शोषलीच जात नाही. उन्हात काम करणाऱ्याची कातडी भाजते. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. मेफ्लोक्वीन लिहिण्याआधी नैराश्य, फिट, मानसिक आजार यांची विचारपूस झालीच पाहिजे, हृदयाच्या विद्युतवहनातला दोषही विचारावा. क्रेन चालवणाऱ्याला, ड्रायव्हरला ती मी देत नाही. त्रास व्हायचाच असेल तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन मात्रांत दिसतो, म्हणून दोन-तीन आठवडे आधी सुरू करण्यात शहाणपण आहे: गोळी बदलायला वेळ राहतो. गरोदर स्त्रीने असा प्रवास शक्यतो पुढे ढकलावा. अगदीच जावे लागले तर तिच्यासाठी मेफ्लोक्वीन आहे. अटोवाक्वोन-प्रोग्वानिल मूत्रपिंड फारच मंदावलेल्याला चालत नाही. आणि मुलीच्या बाळंतपणाला दार-ए-सलामला निघालेले आजी-आजोबा वॉरफरिनवर असतील तर यांपैकी काहीही सुरू करताना आयएनआर पाहायला हवा.

रुग्णाला सर्वांत अवघड जाते ती शेपटाकडची गोळी. घरी आलो, आपल्या अंथरुणात झोपलो, इथे डास चावला तरी तो इथलाच. मग गोळी कशाला? बहुतेक जण विमानातून उतरतात आणि पाकीट कपाटात टाकतात. इथे शास्त्र समजावून सांगितले तरच माणूस ऐकतो, असा माझा अनुभव आहे. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात शिरतो. फाल्सिपेरम तिथे साधारण आठवडाभर वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्वीन यांचा मारा मुख्यतः रक्तात उतरलेल्यावर. यकृतातल्याला त्यांचा भरवशाचा धाक नाही. म्हणजे शेवटच्या रात्री मुक्कामाच्या खोलीत चावलेल्या डासाचा परजीवी घरी आल्यावर सातव्या-आठव्या दिवशी रक्तात उतरतो, आणि त्या वेळी तिथे औषध हजर असावे लागते. अटोवाक्वोन यकृतातच गाठते, म्हणून तिथे सात दिवसांत भागते. मी आता कागदावर यकृताचा एक वेडावाकडा आकार काढतो, त्यात एक ठिपका, बाहेर एक बाण आणि बाणावर ‘आठवा दिवस’ असे लिहितो. मग परतीच्या तारखेत अठ्ठावीस मिळवून शेवटच्या गोळीची तारीख चिठ्ठीवरच लिहून देतो. पूर्ण कोर्स इथूनच विकत घेऊन न्यायला सांगतो, कारण तिकडच्या बाजारात बनावट मलेरियाविरोधी औषधांचा सुळसुळाट आहे.

गोळी घेतली जाते ती कोणीतरी विचारतो म्हणून, हे मराठी माणसांच्या एका जुन्या आघाडीवरही दिसले होते. १९४३ साली ब्रह्मदेशाच्या सीमेवर जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारी म्हणून पाठवलेले १२० असत. मलेरियाचे वर्षाचे प्रमाण फौजेच्या ८४ टक्क्यांपर्यंत गेले होते. मेपाक्रीनने अंग पिवळे पडते, पुरुषत्व जाते, अशा अफवांपायी सैनिक गोळी टाळत. चौदाव्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. तुकडीतल्या ९५ टक्क्यांहून कमी जणांनी गोळी घेतलेली आढळली तर तिच्या प्रमुखालाच पदावरून काढले. तिघांना काढले, चौथ्याला काढावे लागले नाही. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात शांगशाकला चौथ्या मराठा पलटणीने ज्या जंगलात झुंज दिली, तिथे रोगाचा शत्रू जपान्यांइतकाच जवळ होता. स्लिमने जबाबदारी शिपायावर नव्हे, अधिकाऱ्यावर टाकली, हे मला महत्त्वाचे वाटते.

सगळ्यांनाच गोळी लागते असेही नाही, आणि उगाच लिहिणे हाही दोषच. दुबई, मॉरिशस इथे मलेरिया नाही. अदिस अबाबा इतक्या उंचावर आहे की शहरात राहणाऱ्याला गरज नाही. नैरोबी शहरातही धोका फार कमी. पण जुलै ते ऑक्टोबरात सहलीबरोबर मसाई माराला निघालेल्या काका-काकूंना गोळी हवीच, आणि किलिमांजारो चढायला निघालेल्या तरुणालाही, कारण वर डास नसला तरी पायथ्याच्या मोशी गावात असतो. ‘केनियाला जातोय’ एवढ्यावर थांबू नका, मुक्कामाची गावे विचारा. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची मलेरियाची लस निघाली ना, असेही आता लोक विचारतात. २०२३ साली शिफारस झालेली ती लस मलेरियाग्रस्त प्रदेशांतल्या लहान मुलांसाठी आहे. प्रवाशाला ती पर्याय नाही. मच्छरदाणी आणि डासप्रतिबंधक मलम मात्र गोळीच्या जोडीला हवेतच, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत.

गोळी घेऊनही ताप येऊ शकतो. परतल्यापासून तीन महिन्यांत आलेला कोणताही ताप मलेरियाच, असे धरूनच त्याच दिवशी रक्त तपासावे. आपल्याकडच्या कार्ड टेस्टवर पूर्ण विसंबू नये. ती फाल्सिपेरम ज्या प्रथिनावरून ओळखते, ते प्रथिनच नसलेले परजीवी इरिट्रिया, इथिओपिया, जिबूती या भागांत पसरले आहेत; पश्चिम आफ्रिकेतला ओव्हाले हा परजीवी तर फाल्सिपेरम-व्हायवॅक्सच्या जोडकार्डात मुळातच बसत नाही. कार्ड कोरे आले तरी रक्तलेप पाहावा, तोही कोरा आला तर बारा-चोवीस तासांनी पुन्हा, असे तीनदा. ओव्हाले आणि व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उठतात, त्यांना या गोळ्या थोपवत नाहीत. तेव्हा प्रायमाक्वीन द्यायचे झाले तर आधी जी-सिक्स-पीडी तपासा. आपल्या आदिवासी पट्ट्यात ही कमतरता विरळ नाही. आणि आर्टेसुनेटचे इंजेक्शन रात्री अकरा वाजता आपल्या गावात कुठे मिळेल, हे आज, ताप आलेला रुग्ण समोर नसताना विचारून ठेवा.

विषय एका माणसावर संपत नाही. २०१३ साली चीनच्या शांगलिन परगण्यात घानाच्या सोन्याच्या खाणींतून हजारो मजूर एकदम परतले आणि काही महिन्यांत आठशेहून अधिक जण मलेरियाचे निघाले. तिथल्या यंत्रणेने प्रत्येकाला शोधले, म्हणून साथ पसरली नाही. डासही प्रवास करतात. अॅनोफिलिस स्टीफेन्साय या शहरी डासाचे वर्णन लिस्टन यांनी १९०१ साली केले ते वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला. २०१२ साली तोच डास जिबूतीत सापडला आणि आज आफ्रिकेच्या शहरांची डोकेदुखी झाला आहे. उलट दिशेनेही वाट मोकळी आहे. माझा तो तरुण मूळचा निसरपूरच्या बाजूचा. आफ्रिकेतून परतला तो पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि पहिले चार दिवस गावी आईकडे राहिला. नर्मदेच्या काठचे ते गाव, अंगणात बाजा टाकून झोपलेली भावाची मुले, गोठ्याशेजारी क्युलिसिफेसीज डास. त्याचा ताप गावाहून निघाल्यावर आला, म्हणून रक्तात परजीवी होता तेव्हा तो बहुधा शहरात होता. जिल्हा मलेरिया अधिकाऱ्यांना कळवल्यावर त्यांच्या माणसांनी तरीही त्या वस्तीतल्या सगळ्यांचे रक्त तपासले. कोणाच्याही रक्तात काही निघाले नाही. मागच्या वर्षी तो पुन्हा गेला आणि आला. त्या वेळी चिठ्ठीवरच्या तारखेपर्यंत त्याची आई त्याला रोज फोनवरून ‘गोळी घेतलीस का’ असे विचारत होती.