कानात तेल घालू नका!

मराठी भाषेत तेल घालण्याच्या दोन जागा आहेत. डोळ्यांत तेल घालून माणूस पहारा करतो आणि कानात तेल घालून झोपतो. डोळ्यांचा वाक्प्रचार कोणी शब्दशः घेत नाही. कानाचा मात्र आमच्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात घरोघर अक्षरशः पाळला जातो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा कान वाहू लागला. सकाळच्या लोकलमध्ये कानातला बोळा पाहून बातमी फुटली. बदलापूरला जो साधा कान होता, तो अंबरनाथ येईपर्यंत मेंदूत शिरला. "अहो, हे मेंदूचं पाणी! आमच्या साडूचं अस्संच झालं होतं." साडूचं पुढं काय झालं, हे विचारायचा धीर होईना. उल्हासनगरला लसूण घालून कढवलेलं खोबरेल सुचवण्यात आलं आणि विठ्ठलवाडीला ते बहुमताने मंजूर झालं!

आता मला सांगा, खात्यातून पैसे गेले म्हणून गिऱ्हाईक आलं, तर आम्ही काउंटरवरची माणसं आधी पैसे कुठून गेले ते बघतो की नाही? कानाचंही तेच. कधी तो नुसता विरघळलेला मळ असतो. कधी बाहेरच्या नळीला सूज असते. कधी सर्दीमागून मधल्या कानात पू होतो आणि पडदा फुटून बाहेर येतो. अशा फुटक्या पडद्यावर तेल ओतलं, तर ते थेट मधल्या कानात उतरतं. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, तर माझ्या कानात बुरशी निघाली. दमट हवेत ती धरते. लोणच्यावर तेल ओतलं की बुरशी धरत नाही, हे कबूल. पण कान म्हणजे बरणी नव्हे! तो साफ करवून कोरडा ठेवावा लागतो.

तसंच काडीचं. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, तो स्टो पेटवायची सोय म्हणून. कान कोरायची म्हणून नव्हे.

आणि ते मेंदूचं पाणी? डोक्याला मार लागल्यावर कानातून पाण्यासारखं पातळ काही आलं, तर मात्र ताबडतोब इस्पितळ गाठावं. कानामागे सूज, चक्कर किंवा तोंड वाकडं होणं, यांतलं काही दिसलं तरी तेच. एरवी साडूला मध्ये आणू नये.

माझा खरा राग पुढेच आहे. मोठ्या माणसाला मेंदूपर्यंत घाबरवणारी हीच मंडळी पोराचा कान वर्षभर वाहिला तरी म्हणतात, "लहानपणी सगळ्यांचेच वाहतात." पोराला कमी ऐकू येतं, शाळेत ते मागे पडतं आणि घरी 'लक्ष नसतं मेल्याचं' म्हणून धपाटा खातं. बहिरेपणा टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सरकारने २००६-०७ साली सुरू केला. वेळीच उपचार झाले तर बराचसा बहिरेपणा टळतो, म्हणूनच ना?

तेव्हा सल्लागारहो, तेल घालायचंच असेल तर डोळ्यांत घाला. म्हणजे पोराच्या उशीवरचा पिवळा डाग तरी दिसेल.