यंत्राचा पत्ता आपल्या हाताने लिहा

प्रॅक्टिकलच्या तासाला ऑसिलोस्कोपपुढे बसलेला विद्यार्थी प्रोब जोडतो, बटणे फिरवतो आणि पडद्यावर लाट स्थिर झाली की जर्नलमध्ये आकडे उतरवतो. मात्र तेच यंत्र इथरनेटच्या तारेने संगणकाला जोडायचे म्हटले की त्याचा हात आखडतो. 'ते सेटिंग लॅब असिस्टंट करतात,' हे ठरलेले उत्तर. नेटवर्क लावणे हा मापनाचा भाग नव्हे, ते तारांचे किरकोळ काम आहे, अशी आपली समजूत झाली आहे. माझ्या मते ही समजूत घातक आहे.

१९७५ साली प्रमाणित झालेल्या जीपीआयबी पद्धतीत एका जोडणीवर संगणकासह १५ उपकरणे बसत आणि सगळी केबल मिळून २० मीटरपलीकडे नेता येत नसे. यंत्राचा पत्ता म्हणजे ० ते ३० मधला एक आकडा. पुष्कळ यंत्रांच्या पाठीवर तो छोट्या स्विचांनी लावलेला असे. वाकून पाहिले की दिसे. पुढे २००५ साली एलएक्सआय हे प्रमाण आले आणि मापनयंत्रे इथरनेटवर रुळली. अंतराची अडचण सरली, पण पत्ताही डोळ्याआड गेला.

हा नवा पत्ता तसा अवघड नाही. १९२.१६८.१०.२१ असे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे ही गल्ली आणि शेवटचा आकडा हा घर क्रमांक. संगणक १९२.१६८.११ या गल्लीत असेल आणि मध्ये राउटर नसेल, तर त्याच टेबलावरचे यंत्रही त्याला सापडणार नाही. पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर भेटला नाही म्हणून यंत्राने स्वतःच पत्ता घेतला आहे, असे समजावे. एवढे कळले तरी निम्मी धावपळ वाचते.

परंतु यंत्र न सापडणे हे लहान संकट होय. मोठे संकट म्हणजे भलतेच यंत्र सापडणे! डीएचसीपीने दिलेला पत्ता मुदतीचा असतो. आज तुमच्या टेबलावरच्या यंत्राला मिळालेला पत्ता पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या तशाच यंत्राकडे जाऊ शकतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र जुनाच पत्ता लिहिलेला. अशा वेळी कोणतीही चूक दाखवली जात नाही. शेजारचे यंत्र मुकाट्याने उत्तर देते आणि त्याची लाट तुमच्या जर्नलमध्ये तुमची म्हणून उतरते. प्रयोगशाळेत यामुळे चार गुण जातील. कारखान्यात सदोष भाग तपासणीतून पार होईल. आकडा अचूक असून मापन खोटे, याहून वाईट काय असू शकते?

'मुले सेटिंग बिघडवतील', 'अभ्यासक्रमात वेळ नाही' असे आक्षेप येतील. बिघडण्याची भीती फारशी खरी नाही, कारण नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीत आणण्याची सोय एलएक्सआय यंत्रावर असावीच लागते. वेळेचे म्हणाल, तर हे १० मिनिटांचे काम आहे. डीएचसीपी टाकून द्या, असेही माझे म्हणणे नाही. प्रत्येक यंत्राचा पत्ता सर्व्हरवर राखून ठेवता येतो; नाहीतर सर्व्हर वाटत नाही असा पत्ता हाताने द्यावा. कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, हा तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये भिंतीवर लावावा. शिवाय ही यंत्रे अनेकदा परवलीचा शब्द न विचारताच हुकूम पाळतात. म्हणून त्यांना बाहेरच्या इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

प्रोग्रॅमची पहिली ओळ मात्र प्रत्येकाने स्वतः लिहावी: 'तू कोण?' आयडीएन या आज्ञेला यंत्र आपला निर्माता, मॉडेल आणि अनुक्रमांक सांगते. तो अनुक्रमांक यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीशी ताडून पाहावा, जर्नलमध्ये आकड्यांच्या वर लिहावा आणि परीक्षकांनी तो विचारावा. उद्या नोकरीच्या ठिकाणी आपल्या मापनाखाली आपल्याला सही करायची आहे. ते कोणत्या यंत्राने केले हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या सहीला काय किंमत?