भाजलेली माती व घराची बळकटी

सिमेंटांत भाजलेली माती मिसळतात, असें सांगतांच पुष्कळ जण विचारतात, "मातीच ती! तिचा भरंवसा काय?" माझ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनींहि हेंच विचारलें. शंका रास्त आहे. कारण छपराखालीं माणसें राहतात. परंतु तिचें उत्तर तर्कानें न देतां प्रयोगानें द्यावें.

साध्या सिमेंटासाठीं चुनखडी व माती सुमारें १४५० अंश सेल्सिअस उष्णतेंत भाजून क्लिंकर करावा लागतो. त्या वेळीं जळणाचा धूर निघतोच. शिवाय खुद्द चुनखडींतूनहि कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. केओलिनयुक्त चिकणमाती मात्र ७०० ते ८५० अंशांवर भाजली तरी पुरते. निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडीची कच्ची पूड व ५ टक्के जिप्सम, या मिश्रणास 'एलसी३' म्हणतात. त्यायोगें वायूचें उत्सर्जन सुमारें ३० ते ४० टक्के घटतें. २०२३ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यासाठीं आय. एस. १८१८९ हें मानक काढलें.

मग बळकटीचें काय? मातींत केओलिन ४० टक्क्यांच्या आसपास असल्यास, पहिले कांहीं दिवस मागें राहून हें सिमेंट सुमारें आठवड्यानें साध्या सिमेंटाची बरोबरी गांठतें. त्याचीं छिद्रें बारीक असल्यामुळें खारें पाणी सळ्यांपर्यंत सहज पोंचत नाहीं. कोंकणकिनाऱ्यास हा गुण मोलाचा आहे. परंतु हवेंतील कार्बन डायऑक्साइडापुढें तें कांहींसें उणें पडतें, हेंहि लपवूं नये.

प्रत्येक मातीहि चालत नाहीं. आपली काळी माती फुगणारी. केओलिनयुक्त पांढरी माती सिंधुदुर्गांत व कच्छांत सांपडते. आपल्या वाडवडिलांनीं चुन्यांत विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून वाडे व धरणें बांधलीं. तेव्हां कल्पना अगदींच नवी नाहीं; मोजून मापून करण्याची रीत तेवढी नवी.

माझें मत असें कीं, धोका मातीपेक्षां आपल्या घाईंत अधिक आहे. हें मिश्रण घट्ट होतें, म्हणून गवंडी त्यांत वरून पाणी ओततो आणि बळ तेथेंच जातें. पुढें किमान दहा दिवस पाणी मारावयाचें, तें चौथ्या दिवशीं थांबतें. म्हणून बांधणाऱ्यानें मातीची परीक्षा व क्यूबचा अहवाल मागावा आणि पाणी मारण्याकडे स्वतः लक्ष द्यावें. एवढें केल्यावर मातीस नांवें ठेवण्याचें कारण उरणार नाहीं.