जुनी पानं वाचतंय कोण?

गेल्या रविवारी आमच्या वाचक मंडळाची बैठक झाली. विषय एकच, मंडळाची वेबसाईट नव्या सिस्टिमवर हलवणे. चहा यायच्या आत खजिनदारांनी कोटेशन वाचून दाखवलं आणि चहा संपायच्या आत ठराव जवळजवळ मंजूरही झाला. कोटेशनमध्ये तीन ओळी होत्या. नवीन डिझाइन, जुने लेख आणणे, जुने प्रतिसाद आणणे. तिसऱ्या ओळीचा आकडा ऐकून कुणीतरी म्हणालं, "प्रतिसाद कशाला हवेत? आणि लेखसुद्धा शेवटच्या पाच वर्षांतले घेऊ. जुनी पानं वाचतंय कोण!"

मी गप्प बसलो. (बैठकीत मला वेळेवर काही सुचत नाही. परतताना लोकलमध्ये सगळं सुचतं.) म्हणून इथे लिहितोय.

हलवणं भाग आहे, याबद्दल वाद नाही. आमची साईट ड्रुपल ७ वर आहे आणि त्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ ला संपली. आता भोक पडलं तर ठिगळ आपलं आपणच लावायचं. पुढच्या ड्रुपलवर जायचं म्हटलं तरी ती एक पायरी चढणं नव्हे. आवृत्ती ८ पासून त्यांनी आतली रचनाच बदलली, त्यामुळे घर रिकामं करून सामान हलवावं लागतंच. मग एवीतेवी हलायचंच तर वर्डप्रेस घ्या, नव्या मंडळींना शिकवायला सोपं, असं ठरलं. ठीक आहे.

माझी हरकत आहे ती "वाचतंय कोण" ला.

आमच्या एका सदस्यांनी साईटवर गिरणगावच्या आठवणी लिहिल्या होत्या. सत्तावीस भाग. त्रासन खात्यातली नोकरी, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरात बहिणीचं ठरलेलं लग्न... लिहिणारे आता नाहीत. लेखमाला चांगलीच आहे, पण खरा ऐवज खालच्या प्रतिसादांत आहे. कुणी पाळीची वेळ दुरुस्त केलीय, कुणी जॉबरचं आडनाव. नवव्या भागात त्यांनी एका खानावळवाल्या बाईंबद्दल लिहिलंय. संपात महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं, पण त्यांचं नाव काही आठवत नाही, असं. त्याखाली तीन वर्षांनी एका वाचकाने लिहिलं की ती माझी आई, आणि तिची उधारीची वही अजून आमच्याकडे आहे. त्यावर लेखकाचं उत्तर एका ओळीचं: माझ्या नावावर किती बाकी आहे ते बघून कळवा.

तर हे सगळं कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत मोडतं. या पानावर महिन्याला दहाबारा जण येत असतील, मान्य. पण आकड्यांवरच ठरवायचं तर आमच्याकडचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान 'कार्यक्रमस्थळी कसे पोचाल' हे आहे!

शिवाय हा गोंधळ आम्ही एकदा घालून बसलोय. २०११ पर्यंत आमची साईट शिवाजी फॉन्टमध्ये होती. फॉन्ट उतरवून घेतला नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. युनिकोडमध्ये आणताना एक कन्व्हर्टर फिरवला, तपासायला कुणाला वेळ नव्हता. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ वापरून. दोन, साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाच्या लेखी दोन. कन्व्हर्टरने एक तऱ्हा वापरली, पुढे टंकणाऱ्यांनी दुसरी. आजही आमच्या शोधात 'वाऱ्यावर' टाका, निम्मेच लेख सापडतात.

पत्त्यांचंही तेच. त्या वेळी सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवायची पाटी कुठेच लावली नाही. एका प्रबंधाच्या संदर्भसूचीत आमचे तीन लेख आहेत. तिन्ही पत्त्यांवर आज '४०४'. पानांचे पत्ते बदलू नयेत हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लेख लिहून सांगितलं होतं. आम्ही वाचला नव्हता, दुसरं काय.

असो. माझं म्हणणं असं की जुनं हलवूच नका, गोठवा. प्रत्येक पान प्रतिसादांसकट साधी एचटीएमएल फाईल म्हणून उतरवायचं आणि आज आहे त्याच पत्त्यावर ठेवायचं. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे त्या वाटेने घुसायला दारच नाही. तिसऱ्या ओळीचे पैसे वाचतील (खजिनदारांना एवढाच मुद्दा सांगणार आहे). नवं लेखन वर्डप्रेसवर करा, फक्त पत्त्यात मराठी शीर्षक नको, आकडा घाला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, पत्त्यात ९ जागा खातं आणि वर्डप्रेस २०० वर कात्री लावतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. आमच्या लेखकांची शीर्षकं तेवढ्यात सुरूही होत नाहीत.

यात तोटे आहेत. जुनी पानं जुनी दिसतील; दिसोत. नव्या साईटचा शोध या फायलींत आपणहून शिरणार नाही, तेव्हा लेखकवार यादी हाताने करावी लागेल. पण मला टोचतं ते वेगळंच. गोठवलेल्या पानाखाली नवा प्रतिसाद लिहिता येत नाही. उद्या त्या खानावळवाल्या बाईंचा नातू आला तर त्याने लिहायचं कुठे? पानाच्या तळाशी मंडळाचा ईमेल देऊन, आलेलं हाताने जोडत राहायचं, यापलीकडे मला काही सुचलेलं नाही. आणि हाताने जोडणारा माणूस दहा वर्षांनी कोण असेल, हे मंडळाच्या बैठकीत विचारायची सोय नसते.

पुढच्या रविवारपर्यंत मी सगळ्या पानांची यादी करायचं कबूल केलंय. गिरणगावच्या चौदाव्या भागापर्यंत आलोय. मध्येच वाचत बसतो, त्यामुळे वेळ लागतोय.