अंगठा कोणत्या भाषेत द्यायचा?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. शाळेत असताना मला याचा फार अभिमान वाटे.

गेल्या साली आमच्या कोरीटला एक मनुष्य यंत्र घेऊन आला. आजीने त्यावर अंगठा टेकवला. कशासाठी? त्याने मागितला, मी दिला, एवढेच तिचे उत्तर. तिच्या नावावर खाते निघाले आहे हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात तर संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळावी अशी तरतूद आहे. त्या बावीस भाषांत संथाली आहे, बोडो आहे; भिली नाही, अहिराणी नाही. कुणी म्हणेल, मराठी आहे ना! आहे, पण आजीला वाचता येत नाही, आणि ती बोलते अहिराणी.

माझे म्हणणे साधे आहे. ज्याला अंगठा हवा, त्याने काय घेतो आणि ते कुठे जाते हे आधी समोरच्याच्या बोलीत तोंडी सांगावे. सांगता येत नसेल तर घेऊ नये.

यंदाच्या श्रमसंस्कार शिबिरात आपण अशी सूचना तयार करून घरोघर ऐकवावी, असे मी सरांना सुचवले आहे. अहिराणीचे काम माझे. भिलीसाठी वर्गातले दोघे तयार आहेत.