ईजीआरला पत्रा लावण्याआधी तपासून तर पाहा

डिझेल गाडी काळा धूर टाकते, चढावर दम घेते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की जिंतूर-परभणीकडच्या गॅरेजांत एक तयार उत्तर मिळते : ईजीआर बंद करून टाका. पातळ पत्रा कापायचा, व्हॉल्व्ह आणि पाइपच्या मध्ये पॅकिंगसारखा बसवायचा, झाले काम. धूर कमी होतो, गिऱ्हाईक खूश. आमच्या कारागीर बांधवांचा हा उपाय आम्हाला मान्य नाही.

या व्हॉल्व्हचे काम वरवर उलटे वाटते. इंजिनाला स्वच्छ हवा हवी असताना तो सायलेन्सरकडे निघालेला थोडा गॅस परत मॅनिफोल्डमध्ये सोडतो. कारण असे की हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निरुपद्रवी. पण सिलिंडरमधली आग फार तापली की ऑक्सिजनशी मिसळून त्याचे विषारी वायू बनतात. जळून आलेल्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी, शिवाय तो उष्णता शोषतो, म्हणून आगीचा पारा खाली राहतो. पूर्ण ॲक्सिलेटर दाबल्यावर हा व्हॉल्व्ह मिटलेला असावा लागतो. काजळीने सुई उघडीच अडकली की जोर लावतानाही जळका गॅस आत येतो, हवा कमी पडते आणि काळा धूर निघतो. म्हणजे दोष व्हॉल्व्ह असण्यात नाही, अडकण्यात आहे. आणि तोही अडकलेला आहे की नाही, हे पाहिलेले कोणी नसते! चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा होज, खराब इंजेक्टर यांनीही तोच धूर येतो.

जुन्या व्हॅक्यूमवाल्या व्हॉल्व्हची तपासणी पंधरा मिनिटांची आहे. इंजिन गार असताना डायफ्रामवरची नळी काढा आणि हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढ द्या. पंप नसेल तर मेडिकलच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि रबरी नळी चालते. दांडा सरळ उचलला पाहिजे आणि अर्धा मिनिट वर राहिला पाहिजे. हळूहळू खाली आला तर डायफ्राम फाटलेला. आता इंजिन सुरू करून आयडलवर तीच ओढ द्या. पेट्रोल गाडी अडखळेल किंवा बंद पडेल. डिझेलचा आवाज बदलेल. दांडा हलूनही काहीच फरक नसेल तर गॅसची वाट काजळीने बुजली आहे. व्हॉल्व्ह ठीक निघाला तर इंजिन गरम करून काढलेल्या नळीत ओढ येते का ते बोटाने पाहा. नसेल तर नळी, सोलेनॉइड किंवा व्हॅक्यूम पंप पाहावा. बऱ्याच जीपगाड्यांत तोच पंप ब्रेकच्या बूस्टरलाही लागतो. ब्रेक पेडल कडक लागत असेल तर आधी तिकडे बघा, तो जिवाचा प्रश्न आहे.

साफ करताना डायफ्राम ओला करू नका, आणि पॅकिंग नवीच घाला.

काही जण म्हणतात, पत्रा लावूनही पीयूसी मिळते, मग हरकत काय? खरे आहे. डिझेलची पीयूसी फक्त धूर मोजते. मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२. नायट्रोजनचे वायू ती पाहतच नाही. पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर असते. हाच डाव सॉफ्टवेअरने केला म्हणून २०१५ मध्ये फोक्सवॅगनसारखी कंपनी जगभर अडचणीत आली. पुण्याच्या एआरएआयनेही तेव्हा तपासणी केली आणि भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शिवाय हा वायू छातीला बाधतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये चालू इंजिनाजवळ दिवसभर उभा असतो तो आपलाच शागीर्द.

मूळ अडचण वेगळी आहे, असे आम्हाला वाटते. आमचा मिस्त्री पार्ट बदलल्याचे पैसे मागतो, तपासल्याचे मागायला लाजतो. डॉक्टर नाडी पाहण्याची फी घेतो ना? पत्रा कापणे कोणालाही येते. बिघाड कुठे आहे हे सांगणे हा हुन्नर आहे, आणि त्याची मजुरी बिलात वेगळ्या ओळीत लिहिली पाहिजे.

नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह विजेवर चालतो. तिथे सिरिंज चालत नाही, आणि बॅटरीची वायर थेट लावून पाहणे म्हणजे महागाचा पार्ट जाळणे. त्याला स्कॅनर लागतो. एकट्याला तो जड वाटत असेल तर जिंतूरच्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून एक घ्यावा, आणि वापराचा हिशेब वहीत ठेवावा.